नियमात राहूनही : डग्लस जार्डिन यांची कहाणी

क्रिकेटपटूंची चरित्रे आपण बहुधा त्यांचे विक्रम मोजण्यासाठी वाचतो. कोणी किती शतके ठोकली, किती बळी घेतले, हे तोंडपाठ असणारी मुले आपल्या प्रत्येक वर्गात चार-पाच तरी निघतील. या अंकात आम्ही ज्यांच्याविषयी लिहीत आहोत, त्यांच्या नावावर कसोटी सामन्यांत एकच शतक आहे. तरीही त्यांना वगळून क्रिकेटचा इतिहास सांगता येत नाही. ते म्हणजे इंग्लंडचे हौशी खेळाडू आणि कर्णधार डग्लस रॉबर्ट जार्डिन. १९३२-३३ च्या हंगामात ते इंग्लंडचा संघ घेऊन ऑस्ट्रेलियात गेले, मालिका ४-१ अशी जिंकून आले, आणि त्यानंतर साधारण वर्षभरातच कसोटी क्रिकेटमधून कायमचे बाहेर पडले. नियमपुस्तकातला एकही नियम त्यांनी मोडला नव्हता. मग असे का झाले? त्यांचे सारे चरित्र या एका प्रश्नाभोवती फिरते, म्हणूनच आम्हाला ते आपल्यापुढे मांडावेसे वाटले.

मलबार हिल ते ऑक्सफर्ड

जार्डिन यांचा जन्म २३ ऑक्टोबर १९०० रोजी मुंबईत, मलबार हिलवर झाला. घराणे मूळचे स्कॉटिश. वडील माल्कम जार्डिन मुंबईत बॅरिस्टर होते आणि पुढे मुंबईचे अ‍ॅडव्होकेट जनरल झाले. तेही उत्तम फलंदाज होते. १८९२ साली लॉर्ड्सवर केंब्रिजविरुद्धच्या सामन्यात त्यांनी ऑक्सफर्डतर्फे १४० धावा काढल्या होत्या. त्यामुळे क्रिकेट हे डग्लसला घरातच मिळालेले धन होते.

त्या काळी हिंदुस्थानात राहणारे इंग्रज अधिकारी आणि वकील आपली मुले लहान वयातच शिक्षणासाठी विलायतेला पाठवत. डग्लसलाही नवव्या वर्षी आई-वडिलांना सोडून स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे नातेवाइकांकडे जावे लागले. पुढे हॉरिस हिल आणि मग विंचेस्टर या निवासी शाळांत त्याचे शिक्षण झाले. या शाळांत शिस्त कडक असे. दुखले तरी बोलायचे नाही, भीती चेहऱ्यावर येऊ द्यायची नाही, अशी शिकवण मुलांच्या अंगी मुरत असे. १९१९ मध्ये तो विंचेस्टरच्या संघाचा कर्णधार झाला. आपल्याच वयाचे वाचक हे वाचत आहेत म्हणून मुद्दाम सांगतो : या मुलाच्या हातात बॅट आली त्याच वयात आई-वडील त्याच्यापासून हजारो मैल दूर होते. त्याच्या स्वभावातील अबोलपणाचे आणि ताठरपणाचे मूळ अनेकांना या बालपणात दिसते.

१९१९ मध्ये जार्डिन ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजात दाखल झाले. १९२१ साली ऑस्ट्रेलियाचा बलाढ्य संघ ऑक्सफर्डशी खेळायला आला. त्या सामन्यात जार्डिन ९६ धावांवर नाबाद असतानाच वेळ संपली आणि शतक चार धावांनी हुकले. शिक्षण पूर्ण झाल्यावर ते कायद्याची परीक्षा देऊन सॉलिसिटर झाले आणि सरे परगण्याच्या संघाकडून खेळू लागले. १९२७ आणि १९२८ या लागोपाठच्या दोन हंगामांत इंग्लंडमधील फलंदाजांच्या सरासरीच्या यादीत त्यांचे नाव सर्वांत वर होते. १९२८ मध्येच वेस्ट इंडीजविरुद्ध लॉर्ड्सवर त्यांनी कसोटी पदार्पण केले.

हौशी आणि व्यावसायिक

पुढची हकिगत कळण्यासाठी त्या वेळच्या इंग्लिश क्रिकेटमधील एक भेद समजून घ्यावा लागेल. खेळाडूंचे दोन वर्ग होते. ज्यांच्या घरची स्थिती चांगली, जे खेळण्याचा पगार घेत नसत, ते हौशी खेळाडू. आणि ज्यांचे पोट खेळावर चाले, ते व्यावसायिक. एकाच संघात खेळूनही कित्येक मैदानांवर दोघांचे कपडे बदलण्याचे कक्ष वेगळे असत आणि मैदानात उतरण्याची दारेही वेगळी असत. धावफलकाच्या छापील कागदावर हौशी खेळाडूंची आद्याक्षरे आडनावाच्या आधी आणि व्यावसायिकांची आडनावानंतर छापली जात. संघाचा कर्णधार हौशी खेळाडूंपैकीच असला पाहिजे, असा संकेत होता. तो कसोटीत प्रथम १९५२ मध्ये लेन हटन यांच्या नेमणुकीने मोडला. हौशी आणि व्यावसायिक हा भेदच १९६३ च्या हंगामापासून रद्द झाला.

जार्डिन हौशी होते. त्यांचे सर्वांत वेगवान गोलंदाज हॅरल्ड लारवूड व्यावसायिक होते. लारवूड नॉटिंगहॅमशायरमधील खाणकामगाराच्या घरात जन्मले आणि चौदाव्या वर्षी स्वतःही कोळशाच्या खाणीत कामाला लागले. त्यांचे सहकारी बिल व्होस हेही त्याच खाणींच्या भागातले. कर्णधाराचा शब्द मोडणे यांच्यासाठी पोटावर पाय आणून घेण्यासारखे होते. ही गोष्ट आम्ही वाचकांना लक्षात ठेवण्यास सांगत आहोत, कारण पुढे तिला फार महत्त्व येणार आहे.

ब्रॅडमन नावाचे कोडे

१९२८-२९ मध्ये जार्डिन पर्सी चॅपमन यांच्या संघातून प्रथमच ऑस्ट्रेलियात खेळले. अ‍ॅडलेडच्या कसोटीत त्यांनी ९८ धावा केल्या आणि वॉली हॅमंड यांच्यासोबत तिसऱ्या गड्यासाठी २६२ धावांची भागीदारी केली. मात्र तिथल्या प्रेक्षकांशी त्यांचे जमले नाही. ऑक्सफर्डच्या हार्लेक्विन क्लबची रंगीबेरंगी टोपी घालून, मान ताठ ठेवून चालणारा हा उंच इंग्रज ऑस्ट्रेलियाच्या साध्या, मोकळ्या प्रेक्षकांना गर्विष्ठ वाटला. त्यांनी टिंगल सुरू केली. जार्डिन यांनी टोपी काही काढली नाही. दोन्हीकडची अढी कायम राहिली.

१९३० मध्ये ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडमध्ये आला आणि डॉन ब्रॅडमन या एकवीस वर्षांच्या फलंदाजाने पाच कसोटींत ९७४ धावा काढल्या. लीड्सच्या ३३४ धावांच्या डावात तर त्याने एकाच दिवसात ३०९ धावा केल्या. इंग्लंडच्या गोलंदाजांपुढे प्रश्न उभा राहिला की याला थांबवायचे कसे? ओव्हलच्या कसोटीत पावसाने ओलसर झालेल्या खेळपट्टीवर लारवूड यांचे उसळते चेंडू ब्रॅडमन यांना अडचणीचे वाटले, असे काहींच्या ध्यानात आले होते.

१९३१ मध्ये जार्डिन इंग्लंडचे कर्णधार झाले. ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यापूर्वी, १९३२ च्या ऑगस्टमध्ये, लंडनच्या पिकॅडिली हॉटेलात त्यांनी नॉटिंगहॅमशायरचे कर्णधार आर्थर कार, लारवूड आणि व्होस यांच्यासोबत जेवणाच्या टेबलावर योजना ठरवली. चेंडू आखूड टप्प्याचा, वेगवान आणि फलंदाजाच्या डाव्या बाजूला, शरीराच्या रोखाने टाकायचा. त्या बाजूला पाच-सहा क्षेत्ररक्षक जवळ उभे करायचे. फलंदाजाने अंग वाचवण्यासाठी बॅट पुढे केली की झेल. नाही केली तर चेंडू अंगावर. त्या वेळी हेल्मेट नव्हते, छातीचे आणि हाताचे संरक्षकही जवळपास नव्हते. या माऱ्याला पुढे बॉडीलाइन हे नाव पडले.

लॉर्ड्सवरचा भारत

त्याच १९३२ च्या जूनमध्ये भारताचा संघ आपली पहिलीवहिली कसोटी खेळायला लॉर्ड्सवर उतरला होता, आणि समोरचे कर्णधार जार्डिनच होते. भारताचे कर्णधार होते आपल्या इंदूरचे कर्नल सी. के. नायडू. निसार आणि अमरसिंग यांच्या गोलंदाजीसमोर इंग्लंडची अवस्था ३ बाद १९ अशी झाली. तेव्हा जार्डिन पाय रोवून उभे राहिले. पहिल्या डावात त्यांनी ७९ धावा केल्या. नायडूंच्या गोलंदाजीवर यष्टिरक्षक जनार्दन नवले यांनी त्यांचा झेल घेतला. कसोटी क्रिकेटमध्ये भारतातर्फे पहिला चेंडू खेळणारे ते हेच नवले. दुसऱ्या डावात जार्डिन ८५ धावांवर नाबाद राहिले आणि इंग्लंडने सामना १५८ धावांनी जिंकला. हाताला दुखापत असूनही नायडूंनी पहिल्या डावात भारतातर्फे सर्वाधिक ४० धावा केल्या. दोन्ही कर्णधार दुखणे न दाखवणारे होते.

अ‍ॅडलेडचा शनिवार

डिसेंबर १९३२ मध्ये सिडनीला मालिका सुरू झाली. आजारपणामुळे ब्रॅडमन पहिल्या कसोटीत नव्हते. स्टॅन मॅकेब यांनी बॉडीलाइनला तोंड देत नाबाद १८७ धावांची अजोड खेळी केली, तरी इंग्लंडने दहा गडी राखून सामना जिंकला. मेलबर्नला ब्रॅडमन पहिल्याच चेंडूवर त्रिफळाचीत झाले, पण दुसऱ्या डावात त्यांनी नाबाद १०३ धावा केल्या आणि ऑस्ट्रेलियाने १११ धावांनी बरोबरी साधली.

१४ जानेवारी १९३३, शनिवार. अ‍ॅडलेडच्या मैदानात सुमारे पन्नास हजार प्रेक्षक होते. लारवूड यांचा चेंडू ऑस्ट्रेलियाचे कर्णधार बिल वुडफुल यांच्या छातीवर, हृदयाच्या वर आदळला. ते बॅट टाकून छाती धरून वाकले. त्या क्षणी क्षेत्ररक्षण नेहमीसारखेच होते, बॉडीलाइनचे नव्हते. परंतु वुडफुल सावरून पुन्हा खेळू लागल्यावर जार्डिन यांनी क्षेत्ररक्षकांना डाव्या बाजूच्या सापळ्यात हलवले. घायाळ माणसावर तोच मारा चढवलेला पाहून प्रेक्षक खवळून उठले. कुंपण ओलांडून लोक मैदानात येतात की काय, अशी स्थिती झाली. पुढे यष्टिरक्षक बर्ट ओल्डफिल्ड यांच्या डोक्यावर चेंडू लागून कवटीला तडा गेला. तो चेंडूही साध्या क्षेत्ररक्षणावर टाकलेला होता, आणि ओल्डफिल्ड यांनी चूक आपलीच होती असे मोकळेपणाने सांगितले. पण तोवर वातावरण पेटले होते.

इंग्लंडचे व्यवस्थापक पेल्हम वॉर्नर वुडफुल यांच्या प्रकृतीची चौकशी करायला गेले. तेव्हा वुडफुल यांनी त्यांना स्पष्ट सांगितले की मैदानावर दोन संघ असले तरी त्यांतला एकच क्रिकेट खेळत आहे. हे बोलणे बाहेर फुटले आणि वृत्तपत्रांत छापून आले. ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट मंडळाने लंडनला एम.सी.सी.कडे तार पाठवली आणि इंग्लंडच्या खेळाला खिलाडूवृत्तीला न शोभणारा म्हटले. एम.सी.सी.च्या पदाधिकाऱ्यांनी यातले काहीच डोळ्यांनी पाहिले नव्हते. त्यांना तो शब्द जिव्हारी लागला. तारांमागून तारा गेल्या, दौरा रद्द करण्यापर्यंत गोष्ट आली. अखेर चौथ्या कसोटीच्या तोंडावर ऑस्ट्रेलियाच्या मंडळाने तो आरोप मागे घेतला.

इंग्लंडने अ‍ॅडलेडची कसोटी ३३८ धावांनी जिंकली. ब्रिस्बेनला एडी पेंटर घसा सुजून रुग्णालयात पडले होते. तिथून उठून येऊन त्यांनी ८३ धावा केल्या आणि विजयी फटकाही त्यांचाच होता, तोही षटकार. शेवटची सिडनीची कसोटीही इंग्लंडनेच जिंकली. लारवूड यांनी ३३ बळी घेतले. ब्रॅडमन यांची सरासरी ५६.५७ वर आली. दुसऱ्या कोणासाठीही ती अभिमानाची, पण १९३० मध्ये त्यांचीच १३९.१४ होती. योजना यशस्वी झाली होती.

नाही म्हणणारे दोघे

या दौऱ्यातील दोन खेळाडूंची नावे आपल्या मुलांना माहीत असावीत, असे आम्हाला वाटते.

पहिले गबी अ‍ॅलन. सिडनीत जन्मलेले, इंग्लंडकडून खेळणारे हौशी वेगवान गोलंदाज. आपण अशी गोलंदाजी करणार नाही, असे त्यांनी कर्णधाराला तोंडावर सांगितले. तरी जार्डिन यांनी त्यांना पाचही कसोटींत खेळवले. अ‍ॅलन यांनी आपल्या पद्धतीने गोलंदाजी करून मालिकेत २१ बळी मिळवले. सरळ मार्गानेही बळी मिळत होते, याचा याहून चांगला पुरावा नाही.

दुसरे पतौडीचे नवाब इफ्तिखार अली खान. पहिल्याच कसोटीत त्यांनी १०२ धावा केल्या होत्या. डाव्या बाजूच्या सापळ्यात उभे राहण्यास त्यांनी नकार दिला. दुसऱ्या कसोटीनंतर त्या मालिकेत त्यांना पुन्हा स्थान मिळाले नाही. पुढे १९४६ मध्ये तेच भारताचे कर्णधार म्हणून इंग्लंडला गेले.

आता मघाची गोष्ट आठवा. अ‍ॅलन यांच्या चरितार्थाचा प्रश्न नव्हता, पतौडी संस्थानिक होते. लारवूड आणि व्होस यांनी नाही म्हटले असते तर? खाणीतून वर आलेल्या माणसाला तो पर्याय किती खुला होता? लारवूड यांनी कर्णधाराची योजना मनापासून स्वीकारली होती, हे खरे. पण नकार देण्याची सोय सगळ्यांना सारखी नसते, हेही तितकेच खरे.

स्वतःच्या अंगावर

जार्डिन यांच्यावर हृदयशून्यतेचा आरोप झाला. त्यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र ठामपणे सांगावी लागते. जुलै १९३३ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डच्या कसोटीत वेस्ट इंडीजच्या लिअरी कॉन्स्टंटाइन आणि मॅनी मार्टिंडेल यांनी इंग्लंडवर तोच मारा केला. हॅमंड यांची हनुवटी फुटली. जार्डिन एकदाही मागे सरले नाहीत. चेंडू अंगावर घेत, खाली दाबत, त्यांनी १२७ धावा काढल्या. त्यांचे एकमेव कसोटी शतक ते हेच. दुसऱ्यांना दिलेले त्यांनी स्वतः न कुरकुरता सोसले.

पण त्या सामन्यात आणखी एक गोष्ट घडली. आजवर तारा आणि बातम्यांतूनच ऐकलेला हा प्रकार इंग्लंडमधील लोकांनी आपल्या मैदानावर, आपल्या डोळ्यांनी पाहिला. दुसऱ्याच्या घरी चाललेले आपल्या घरी आल्यावर कसे दिसते, ते त्यांना कळले आणि मते बदलू लागली.

पुन्हा मुंबईत

१९३३-३४ मध्ये जार्डिन एम.सी.सी.चा संघ घेऊन भारतात आले. भारताच्या भूमीवरची पहिली कसोटी १५ डिसेंबर १९३३ पासून मुंबईत, बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर झाली. जन्मगावी इंग्लंडचा कर्णधार म्हणून उतरण्याचा योग त्यांना आला. समोर पुन्हा कर्नल नायडूच होते. याच मैदानावर १९२६ साली नायडूंनी एम.सी.सी.विरुद्ध ११ षटकारांसह १५३ धावा झोडल्या होत्या.

इंग्लंडने ही कसोटी नऊ गडी राखून जिंकली, पण ती लोकांच्या लक्षात राहिली ती लाला अमरनाथ यांच्यामुळे. पदार्पणातच ११८ धावा काढून त्यांनी भारताचे पहिले कसोटी शतक नोंदवले. त्यांनी आणि नायडूंनी तिसऱ्या गड्यासाठी १८६ धावा जोडल्या. कलकत्त्याची कसोटी अनिर्णित राहिली आणि मद्रासला इंग्लंड २०२ धावांनी जिंकले. तीन कसोटींत जार्डिन यांनी ६०, ६१, ६५ आणि नाबाद ३५ अशा धावा केल्या. मद्रासची ती कसोटी त्यांची शेवटची ठरली, तेव्हा त्यांचे वय अवघे ३३ होते.

मार्च १९३४ मध्ये, दौरा संपताना, त्यांनी जाहीर केले की येत्या उन्हाळ्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध खेळण्याचा आपला विचार नाही. इंग्लंडच्या क्रिकेटधुरिणांना तेव्हा ऑस्ट्रेलियाशी जुळवून घ्यायचे होते आणि जार्डिन त्यात अडचणीचे झाले होते. १९३४ च्या नोव्हेंबरमध्ये एम.सी.सी.ने फलंदाजाच्या शरीरावर रोखलेला असा मारा अन्याय्य ठरवला.

हिशेब कोणी चुकवला?

जिंकून आलेल्या संघाचे कौतुक करणारे हेच लोक होते. जार्डिन यांना निवडणारे, त्यांचा स्वभाव माहीत असणारे, दौऱ्यावर व्यवस्थापक म्हणून बरोबर गेलेले आणि दुरून तारांना कडक उत्तरे देणारेही हेच. वारे फिरल्यावर मात्र जबाबदारी दोघांच्याच माथी आली.

त्यांतले दुसरे लारवूड. या मालिकेत त्यांच्या पायाला मोठी दुखापत झाली होती. १९३४ मध्ये त्यांना आपल्या गोलंदाजीबद्दल माफी मागण्यास सांगण्यात आले. कर्णधाराने सांगितले ते आपण केले, त्यात माफी कशाची, असे म्हणून त्यांनी नकार दिला. सिडनीची शेवटची कसोटी हीच त्यांची अखेरची कसोटी ठरली. १९५० मध्ये ते पत्नी आणि पाच मुलींना घेऊन कायमचे ऑस्ट्रेलियात राहायला गेले. ज्या ऑरन्टीस बोटीतून १९३२ मध्ये इंग्लंडचा संघ निघाला होता, त्याच बोटीने. आणि ज्या देशाने त्यांच्या नावाने शिमगा केला होता, त्याच देशाने त्यांना सामावून घेतले. १९९५ मध्ये सिडनीत त्यांचे निधन झाले. जार्डिन यांनी त्यांना आभाराचे शब्द कोरलेले एक चांदीचे रक्षापात्र भेट दिले होते. ते लारवूड यांनी जपून ठेवले. आपल्या कर्णधाराबद्दल त्यांनी कधी वाईट शब्द काढला नाही.

जार्डिन यांनी १९३४ मध्ये विवाह केला. त्यांना चार अपत्ये झाली. दुसऱ्या महायुद्धात ते रॉयल बर्कशायर रेजिमेंटमध्ये होते. १९४० मध्ये फ्रान्समधून डंकर्कमार्गे सुटून आल्यावर त्यांची नेमणूक भारतात झाली आणि क्वेट्टा, सिमला येथे त्यांनी काम केले. युद्धानंतर ते कागद बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरीला होते. १९५३ मध्ये कामानिमित्त ते ऑस्ट्रेलियाला गेले, तेव्हा तिथल्या लोकांनी त्यांचे आपुलकीने स्वागत केले. त्याच वर्षी क्रिकेट पंचांच्या संघटनेचे ते पहिले अध्यक्ष झाले. नियमांवर बोट ठेवून खेळलेला माणूस नियम राबवणाऱ्यांचा अध्यक्ष झाला, ही गंमतच म्हणायची. १९५७ मध्ये ऱ्होडेशियाच्या प्रवासात ते आजारी पडले. पुढे कर्करोगाचे निदान झाले आणि १८ जून १९५८ रोजी स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे, वयाच्या ५७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी स्कॉटलंडमधील डोंगरावर विसर्जित करण्यात आल्या.

२२ कसोटी सामने, ४८ च्या सरासरीने १२९६ धावा. १५ सामन्यांत कर्णधार, त्यांपैकी ९ विजय आणि एकच पराभव. आकडे एवढे चांगले असूनही त्यांच्याबद्दल बोलताना आजही माणसे अडखळतात.

नवी ओळ

जार्डिन मरण पावले त्याच्या आदल्या वर्षी, १९५७ मध्ये, क्रिकेटच्या नियमांत एक भर पडली. डाव्या बाजूला फलंदाजाच्या मागे दोनपेक्षा जास्त क्षेत्ररक्षक ठेवता येणार नाहीत. पंचवीस वर्षांपूर्वी हा नियम नव्हता, म्हणून जार्डिन नियमात होते. नियम नेहमी घटनेच्या मागून येतो. तो येईपर्यंत काय करायचे, हे माणसाने स्वतः ठरवायचे असते. अ‍ॅलन आणि पतौडी यांनी ते ठरवले होते.

मुलांनो, वर्गात, मैदानावर किंवा परीक्षेच्या दालनात तुम्हालाही अशी जागा सापडेल जिथे नियम गप्प असतो. तिथे सर नाही म्हणत नाहीत, पंच हात वर करत नाहीत, तरी मनात कुठेतरी खटकते. ते खटकणे ऐका. पालकांना आणि विश्वस्त मंडळींना आमची विनंती अशी की आंतरशालेय ढाल शाळेत आली की तिच्यामागचा खेळही जरूर विचारावा. जिंकल्यावर हार घालायला पुढे होणाऱ्यांनी चुकले तेव्हाही कर्णधाराच्या शेजारी उभे राहिले पाहिजे. आणि आपल्या संघात एखादा लारवूड असेल, ज्याला नाही म्हणणे परवडत नाही, तर त्याच्या वतीने ते म्हणण्याचे काम आपले, मोठ्यांचे आहे.